एआय असिस्टंटचे ॲड-ऑन टाकताना आणि वाटताना: क्रम चुकवू नका

मागच्या रविवारी कोथरूडला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण लॅपटॉप घेऊन बसलो होतो. प्रत्येकाने आपल्या एआय कोडिंग असिस्टंटसाठी बनवलेलं एक ॲड-ऑन बाकीच्यांना द्यायचं, एवढाच बेत होता. दहाला सुरुवात केली. साडेबाराला पोह्यांच्या बशा उचलल्या तेव्हा नऊपैकी दोनच ॲड-ऑन दुसऱ्याच्या मशीनवर चालत होते. एकाने तर न वाचता टाकलेल्या हुकमुळे (आपोआप चालणाऱ्या कमांडमुळे) स्वतःचा अख्खा प्रोजेक्ट रिफॉरमॅट करून घेतला होता आणि गिट डिफ लाल-हिरवा होऊन स्क्रीनवरून वाहत होता. न चालणाऱ्या सातांत माझंही होतं.

चुका सगळ्यांच्या त्याच होत्या आणि बहुतेक क्रमाच्या होत्या: आधी टाकलं, मग वाचलं, आधी वाटलं, मग तपासलं. म्हणून इथे पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्यात त्याच क्रमाने करा.

उदाहरणं क्लॉड कोड या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या असिस्टंटची आहेत, कारण आमच्यात तेच जास्त वापरात आहे. दुसरा असिस्टंट असेल तर फोल्डरांची नावं बदलतील, पायऱ्या त्याच राहतील. कमांड आणि फायलींची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

## १. पुडक्यात काय आहे ते ओळखा

क्लॉड कोडमध्ये ॲड-ऑनला प्लगिन म्हणतात. प्लगिन म्हणजे एक फोल्डर. त्यात मुख्यतः पाच प्रकारच्या गोष्टी असतात: स्लॅश कमांड, स्किल, सबएजंट, हुक आणि एमसीपी सर्व्हर. पहिल्या तिन्ही म्हणजे असिस्टंटला वाचायला दिलेल्या सूचना: स्लॅश कमांड तुम्ही तिरकी रेघ आणि नाव टाइप करून चालवता, स्किल असिस्टंट गरजेप्रमाणे स्वतः उघडतो, आणि सबएजंट म्हणजे एखादं काम सोपवायचा मदतनीस. हुक म्हणजे ठरावीक प्रसंगी आपोआप चालणारी शेल कमांड. फाइल बदलली की, सेशन सुरू झालं की. एमसीपी सर्व्हर हा वेगळा प्रोग्रॅम असतो आणि तो असिस्टंटला डेटाबेस, मेल, ब्राउझर वगैरेंशी जोडून देतो.

हुकबाबत एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. असिस्टंट एरवी कमांड चालवण्याआधी तुम्हाला विचारतो. हुक विचारत नाही. तो तुमच्या युजरच्या सगळ्या अधिकारांनिशी थेट चालतो. तुम्हाला जी फाइल उघडता येते ती त्यालाही येते.

आणि "मार्कडाउन तर आहे, त्यात काय होणार" हे वाक्य त्या रविवारी मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. तो मजकूर वाचून जो वागणार आहे त्याच्या हाती तुमचं टर्मिनल आहे. शिवाय स्किलच्या फोल्डरात मार्कडाउनच्या शेजारी पायथन किंवा शेल स्क्रिप्टही ठेवता येतात. त्यामुळे मजकुरालाही कोडइतकंच काटेकोर वाचावं लागतं.

## २. टाकण्याआधीची तयारी

सेकंडहँड ॲक्टिव्हा घेताना आरसी आणि चॅसी नंबर ताडून बघणारे आपण, प्लगिन मात्र नाव आवडलं म्हणून टाकतो. दहा मिनिटं द्या आणि हे करा.

असिस्टंट अपडेट करा. जुन्या आवृत्तीत प्लगिनची सोयच नसते किंवा अर्धवट असते, आणि आम्ही पहिला पाऊण तास यातच घालवला.

चालू प्रोजेक्टमधले बदल कमिट करा. गिट स्टेटस कोरं दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्याचा प्रोजेक्ट रिफॉरमॅट झाला त्याचे दोन दिवसांचे बदल कमिट व्हायचे होते. कुठली ओळ त्याची आणि कुठली हुकची, हे वेगळं करण्यात त्याची संध्याकाळ गेली.

चाचणीसाठी वेगळं फोल्डर करा. एखादा छोटा, टाकाऊ प्रोजेक्ट चालेल. त्यात एन्व्ह फाइल (पासवर्ड आणि टोकन ठेवायची फाइल) नको, ग्राहकाचा डेटा नको. प्लगिनला टोकन (पासवर्डसारखी गुप्त चावी) लागत असेल तर नवीन टोकन काढा, कमीत कमी परवानग्यांचं आणि थोड्या मुदतीचं. रोजच्या वापरातलं टोकन चाचणीला देऊ नका.

तपासा: गिट स्टेटस कोरं आहे? चाचणीच्या फोल्डरात एकही खरं टोकन किंवा पासवर्ड नाही? दोन्ही "हो" असतील तरच पुढे.

## ३. वाचा, पण उलट्या क्रमाने

प्लगिनचा रेपो (गिटमध्ये ठेवलेला कोड) क्लोन करा. क्लोन करणं म्हणजे टाकणं नव्हे. फायली नुसत्या डिस्कवर येतात. बहुतेक जण रीडमीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. जे सर्वांत जास्त नुकसान करू शकतं ते आधी वाचा.

पहिल्यांदा हुक. हुक्स फोल्डरमधली हुक्स डॉट जेसन उघडा. प्लगिन डॉट जेसन या मुख्य फाइलमध्येही हुक लिहिता येतात, म्हणून तीही बघा. प्रत्येक हुकसमोर दोन प्रश्न: हा केव्हा चालतो, आणि काय चालवतो? तो एखादी स्क्रिप्ट चालवत असेल तर ती स्क्रिप्टही उघडा. कर्लने (इंटरनेटवर माहिती पाठवणाऱ्या कमांडने) काही बाहेर पाठवतोय का, बेस-६४मध्ये गुंडाळलेली, म्हणजे वाचता न येणारी लांब ओळ आहे का, होम फोल्डरमधल्या एसएसएच किंवा क्लाउडच्या फायलींना हात लावतोय का, एवढं तरी बघाच. समजलं नाही तर टाकू नका. शेजारच्याला विचारा, पुण्यात शेजारी आयटीतलं कोणी नाही असं सहसा होत नाही.

मग एमसीपी. डॉट एमसीपी डॉट जेसन या फाइलमध्ये सर्व्हर कसा सुरू होतो ते लिहिलेलं असतं. तिथे अनेकदा "एनपीएक्स डॅश वाय" आणि पुढे पॅकेजचं नाव दिसतं. डॅश वाय म्हणजे "न विचारता उतरवून चालव". नावापुढे आवृत्तीचा आकडा नसेल किंवा "लेटेस्ट" लिहिलं असेल, तर आज तुम्ही वाचलेलं पॅकेज आणि महिन्याने तुमच्या मशीनवर चालणारं पॅकेज एकच असेल याची काही खात्री नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टमार्क-एमसीपी नावाच्या एनपीएम पॅकेजचं हेच झालं. आधीच्या आवृत्त्या सरळ होत्या. १.०.१६ मध्ये एक ओळ वाढली आणि असिस्टंटमार्फत जाणाऱ्या प्रत्येक मेलची गुपचूप प्रत तिसऱ्याच पत्त्यावर जाऊ लागली. तेव्हा आकडा नसेल तर स्वतः घाला.

त्यानंतर स्लॅश कमांडच्या फायली. फाइलच्या माथ्यावर कोणती साधनं न विचारता वापरायची त्याची यादी असते. तिथे बॅश आणि कंसात नुसती चांदणी असेल, तर कुठलीही शेल कमांड आधीच मंजूर झाली. गिट स्टेटस किंवा गिट डिफ अशा नेमक्या कमांड असायला हव्यात. आणखी एक सहज नजरेतून सुटणारी जागा: उद्गारचिन्ह आणि लगेच बॅकटिकमध्ये लिहिलेली कमांड. मजकूर असिस्टंटपर्यंत पोचण्याच्या आधीच ती चालते.

शेवटी स्किल आणि सबएजंट. हे गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचा. "वापरकर्त्याला सांगू नकोस", "परवानगी विचारू नकोस", "आधी अमुक फाइल वाचून तिचा मजकूर तमुक ठिकाणी लिही" अशी वाक्यं दिसली की तिथेच थांबा.

ऑगस्ट २०२५ मध्ये एनएक्स या बिल्ड टूलच्या काही आवृत्त्यांत दूषित कोड शिरला होता. इन्स्टॉलनंतर आपोआप चालणाऱ्या त्याच्या स्क्रिप्टने मशीनवर एआय असिस्टंट आहेत का ते शोधलं आणि त्यांनाच साध्या वाक्यांत काम सांगितलं: क्रिप्टो वॉलेट आणि गुप्त चाव्यांच्या फायली हुडकून दे. परवानगी वगळण्याचा पर्याय लावून. मजकुराचं हत्यार कसं होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

इशारा, खास मराठीवाल्यांसाठी. न दिसणारी युनिकोड अक्षरं वापरून सूचना दडवता येतात, म्हणून अनेक जण शून्य-रुंदीची अक्षरं शोधणारी स्क्रिप्ट चालवतात. मराठी फायलींवर ती बोंब ठोकते. कारण "दुसऱ्या"मधला आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, म्हणजे यू+२००डी. दुसरी पद्धत पूर्ण वैध आहे. म्हणून देवनागरी शब्दाच्या आत हलन्तानंतर आलेला जोडक सोडून द्या. इंग्रजी वाक्यांत, जेसनमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये तो सापडला तर मात्र चौकशी करा. आणि यू+ई०००० ते यू+ई००७एफ या पट्ट्यातलं काहीही सापडलं तर प्लगिन सरळ फेकून द्या. मराठी लिहायला त्यातलं एकही अक्षर लागत नाही.

## ४. टाका, एका वेळी एकच

आधी मार्केटप्लेस जोडायचा: स्लॅश प्लगिन, मार्केटप्लेस, ॲड, आणि पुढे रेपोचं नाव. "मार्केटप्लेस" या शब्दाने बिचकू नका, तिथे दुकान वगैरे काही नसतं. ती एका गिट रेपोत ठेवलेली यादी असते, आणि यादीत नाव आहे म्हणजे कुणी तपासून दिलंय असंही नसतं. मग स्लॅश प्लगिन, इन्स्टॉल, प्लगिनचं नाव, ॲट, मार्केटप्लेसचं नाव.

इथे व्याप्ती निवडावी लागते. युजर म्हणजे तुमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये. प्रोजेक्ट म्हणजे हा रेपो वापरणाऱ्या सगळ्यांना, कारण ती नोंद रेपोच्या सेटिंग्ज फाइलमध्ये कमिट होते. लोकल म्हणजे फक्त तुम्हाला आणि फक्त याच रेपोत. काही निवडलं नाही तर युजर धरलं जातं, आणि नव्या प्लगिनसाठी नेमकं तेच नको असतं. पहिला आठवडा लोकलच ठेवा.

टाकल्यावर सेशन बंद करून पुन्हा सुरू करा, मग तीन ठिकाणी बघा. स्लॅश हुक्समध्ये तुम्ही वाचलेलेच हुक दिसतायत ना. स्लॅश एमसीपीमध्ये सर्व्हर जोडला गेलाय ना. आणि प्लगिनची कमांड यादीत आलीय ना. प्लगिनची कमांड नुसत्या नावाने दिसत नाही. आधी प्लगिनचं नाव, मग अपूर्णविराम, मग कमांडचं नाव. "कमांडच येत नाही" म्हणणाऱ्या तिघांची कमांड आलेली होती, ते चुकीच्या नावाने शोधत होते.

इशारा: पाच प्लगिन एकदम टाकू नका. बिघडलं की कशाने बिघडलं ते सापडत नाही, मग पाचही काढावे लागतात.

## ५. चाललं नाही तर

इंटरनेटवर शोधण्याआधी स्लॅश प्लगिन उघडून त्यातल्या एरर्सच्या टॅबमध्ये बघा. तिथे काही नसेल तर असिस्टंट डीबग पर्यायासह सुरू करा. कोणतं प्लगिन कुठून उचललं आणि कुठे अडलं ते ओळीओळीने येतं. सर्व्हर अडला असेल तर त्याची कमांड साध्या टर्मिनलमध्ये चालवून बघा. दहातल्या सहा वेळा नोड नसतो, पायथनची आवृत्ती जुनी असते, किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरायचं राहिलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी हेही एक नेहमीचं दुखणं. त्याच्याशी झगडू नका. ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं प्लगिन टाकायला परवानगी आहे का, हे त्या निमित्ताने विचारून घ्या.

## ६. स्वतःचं ॲड-ऑन वाटण्याजोगं करा

आता माझी फजिती सांगतो, कारण तीत नेहमीच्या चुका झाडून सगळ्या आल्या.

माझ्या ॲड-ऑनचं नाव मराठी-तपास. एका पतसंस्थेच्या ॲपमधले मराठी संदेश तो तपासतो: रक्कम १,००,००० अशी लाखाच्या स्वल्पविरामाने आलीय की १००,००० अशी, आणि "दुसऱ्या", "खातेदाऱ्या" असल्या शब्दांत वर सांगितलेली आडव्या रफाराची दोन रूपं मिसळली आहेत का. (दुसरा शब्द मुळातच चुकीचा आहे, तो ॲपमध्ये खरंच होता.) माझ्या मॅकवर सहा महिने झकास चालत होता.

फोल्डरांची रचना. डॉट-क्लॉड-प्लगिन या फोल्डरात फक्त प्लगिन डॉट जेसन (आणि वाटताना मार्केटप्लेस डॉट जेसन) जाते. कमांड्स, एजंट्स, स्किल्स, हुक्स ही फोल्डरं त्याच्या बाहेर, प्लगिनच्या मुळाशी असतात. मी सगळं आत कोंबलं होतं. प्लगिन टाकलं गेलं, चूक दाखवली नाही, आणि आतलं काहीच दिसलं नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

पत्ते. माझ्या हुकमध्ये स्क्रिप्टचा पत्ता माझ्याच होम फोल्डरपासून लिहिलेला होता. दुसऱ्याच्या मशीनवर माझं होम फोल्डर कुठून येणार? प्लगिनच्या आतल्या फायलींसाठी क्लॉड अंडरस्कोर प्लगिन अंडरस्कोर रूट हा कॅपिटल अक्षरांतला व्हेरिएबल वापरा. शिवाय टाकताना प्लगिनची प्रत वेगळ्या जागी केली जाते, म्हणून दोन ठिपके देऊन फोल्डरच्या बाहेरची फाइल मागितलीत तर ती मिळत नाही.

लहान-मोठी अक्षरं. स्किलची मुख्य फाइल पूर्ण कॅपिटलमध्ये "स्किल" आणि मग डॉट एमडी अशी हवी. माझी फक्त पहिल्या अक्षराला कॅपिटल होती. मॅक असा फरक सहसा मानत नाही, लिनक्स मानतो. हिंजवडीहून आलेल्या दोघांच्या उबुंटूवर स्किल गायब.

ओळींचे शेवट आणि एन्कोडिंग. विंडोजवर गिटने शेल स्क्रिप्टच्या ओळींचे शेवट बदलले की ती चालायची थांबते. गिट-ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्स-मॅकवरचा ओळीचा शेवट) ठरवून टाका. स्क्रिप्ट एक्झिक्युटेबल करून कमिट करा. पायथनमध्ये मराठी फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. नाहीतर विंडोजवर ती स्थानिक एन्कोडिंगने उघडायला जाते आणि पहिल्याच "श्री"ला कोसळते.

स्किलचं वर्णन. सुरुवातीला असिस्टंट स्किलचं फक्त नाव आणि वर्णन वाचतो. बाकीचा मजकूर गरज वाटली तरच उघडतो. म्हणून वर्णन कच्चं असेल तर आतलं कितीही चांगलं असो, वाया जातं. माझं आधीचं वर्णन होतं: "मराठी मजकुरासाठी मदत." ते कधीच आपणहून सुरू व्हायचं नाही. आता असं आहे: "ॲपमधले मराठी संदेश, पावतीचा मजकूर किंवा रकमेची मांडणी बदलली की वापर. लाखाचा स्वल्पविराम, देवनागरी अंक आणि ऱ्य, ऱ्हची रूपं तपासतो." काय करतो आणि केव्हा वापरायचं, दोन्ही त्यात आहे. मर्यादा १,०२४ अक्षरांची आहे, पण एवढं लागत नाही. आपण कोड लिहिताना अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलतो, तेव्हा "इन्व्हॉइस", "करन्सी फॉरमॅट" असे शब्दही इंग्रजीतून घालून ठेवा.

गुपितं. टोकन फाइलमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. चुकून कमिट झालंच तर पुढच्या कमिटमध्ये खोडून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ते राहतं. ते टोकन रद्द करून नवीन काढा, आणि मगच इतिहास साफ करायचं बघा. ग्राहकाच्या टेबलांची नावं आणि आतल्या सर्व्हरचे पत्ते हीसुद्धा गुपितंच. उदाहरण म्हणून दिलेल्या मजकुरातून ती हमखास निसटतात.

तपासा: क्लॉड प्लगिन व्हॅलिडेट ही कमांड चालवा. ती रचनेतल्या आणि जेसनमधल्या चुका दाखवते. पत्त्यांच्या आणि अकलेच्या चुका दाखवत नाही.

## ७. दुसऱ्याच्या मशीनवर, हाताची घडी घालून

स्वतःच्या लॅपटॉपवर नवीन युजर अकाउंट उघडा, तिथे रीडमी वाचत वाचत प्लगिन टाका. निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात. मग एका मित्राला द्या, शेजारी बसा, आणि बोलू नका. तो अडला की तोंडाने सांगण्याचा मोह होतो. जे सांगावंसं वाटलं ते रीडमीत लिहा. माझ्या रीडमीत अशा सात ओळी वाढल्या.

रीडमीत एवढं हवंच: काय करतो, कोणते हुक केव्हा चालतात, बाहेर कुठे जोडतो, काय आधी बसवलेलं लागतं, काढायचं कसं.

## ८. वाटा

व्हॉट्सॲपवर झिप पाठवू नका. आमच्या ग्रुपवर एकाच ॲड-ऑनच्या "फायनल", "फायनल नवीन" आणि "हीच घ्या" अशा तीन झिप फिरतायत, आणि कुणाकडे कोणती आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गिट रेपो करा. त्यात डॉट-क्लॉड-प्लगिनखाली मार्केटप्लेस डॉट जेसन ठेवा: यादीचं नाव, मालक, आणि प्रत्येक प्लगिनचं नाव व ठिकाण. दुसऱ्याच्या रेपोतलं प्लगिन यादीत घेत असाल तर कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळख) द्या. टॅगवर, म्हणजे आवृत्तीला दिलेल्या नावावर, विसंबू नका, टॅग हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या गिटहब ॲक्शनचे (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचे) टॅग असेच दूषित कमिटकडे वळवले गेले होते.

लायसन्स फाइल टाका. ती नसेल तर रेपो उघडा दिसत असला तरी इतरांना तुमचा कोड वापरायचा हक्क मिळत नाही. आणि ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलं असेल तर नेमणुकीचा करार काढून बघा. तो कोड तुमचा असेलच असं नाही.

टीमसाठी असेल तर प्रोजेक्टच्या सेटिंग्ज फाइलमध्ये मार्केटप्लेस आणि चालू करायची प्लगिन नोंदवता येतात. रेपोवर विश्वास दाखवल्यावर सहकाऱ्यांना ती टाकायची विचारणा होते. पण हे टीमला सांगून करा. सोमवारी सकाळी लोकांना अनोळखी प्लगिनबद्दल विचारणा आली तर ते वाचणार नाहीत, "हो" दाबतील.

## ९. अपडेट आणि काढणं

बदल केलात की प्लगिन डॉट जेसनमधला आवृत्तीचा आकडा वाढवा. आकडा तोच राहिला तर लोकांच्या मशीनवर जुनी प्रत तशीच राहते, आणि "दुरुस्त केलंय म्हणाला होतास" हे ऐकावं लागतं.

दुसऱ्याचं प्लगिन वापरत असाल तर प्रत्येक अपडेटआधी दोन आवृत्त्यांमधला डिफ बघा, क्रम तोच: हुक, एमसीपी, कमांड, स्किल. सारखं वापरातलं असेल तर स्वतःच्या खात्यात फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) करून तिथूनच टाका, म्हणजे अपडेट तुमच्या हातात राहतं.

काढताना आधी डिसेबल करून दोन दिवस बघा, मग अनइन्स्टॉल करा. त्यानंतर चालू असलेली सेशन बंद करा आणि स्लॅश हुक्समध्ये काही उरलंय का बघा. प्लगिनने केलेले फायलींमधले बदल त्याच्याबरोबर जात नाहीत, तेही गिटमधून तपासा. आणि चाचणीसाठी काढलेलं ते टोकन जिथून काढलं तिथे जाऊन रद्द करा. प्लगिन गेलं तरी ते जिवंतच असतं.